कावळ्यासाठी केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत उपदेश संपला की साक्षीची वेळ असते. आठवडाभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचं असेल त्याने उभं राहून सांगायचं. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या मुलीचं लग्न जमलेलं असतं, कोणाची हरवलेली गाडीची चावी सापडलेली असते. चावीलाही लोक हालेलूया म्हणतात. देवाने काहीच केलं नाही हे सांगायला मात्र कोणी उभं राहत नाही, तशी पद्धतच नाही. आईच्या दहाव्यानंतरच्या रविवारी मी तेच सांगायला उभा राहिलो, आणि तेव्हापासून मला प्रभुभोजन मिळालेलं नाही.

आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. वडील तरुणपणी ज्या माळावर मेंढरं चारायचे त्याच माळावर पुढे गारखेड्याच्या कॉलन्या झाल्या. मग मेंढरं विकून ते तिथल्याच बांधकामांवर वॉचमन म्हणून राहिले. एखाद्या नव्या बंगल्यासमोर उभे राहून ते मोठ्याने म्हणायचे, "इथं लई झकास गवत व्हायचं." बंगल्यातल्या बाईंना ते आवडायचं नाही. मी थोरला, माझ्या पाठीवर एक भाऊ. भाऊ कंपनीत लागला, त्याने जवळच पुंडलिकनगरात घर घेतलं आणि आईवडील त्याच्याकडे राहिले. मी गारखेड्यातच राहतो आणि गुलमंडीत कापडाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. "रंग जाईल का हो?" असं बाईने विचारलं की "छे हो ताई" म्हणायचा मला पगार मिळतो.

दुकानातल्याच एका जोडीदाराने मला प्रार्थनेला नेलं. पिठाच्या गिरणीच्या वरची खोली, सतरंज्या, एक ढोलकी. मी गंमत बघायला गेलो होतो. त्या दिवशी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. एक मेंढरू चुकलं म्हणून मेंढपाळ बाकीचा कळप रानात सोडून त्याला शोधायला जातो. मला हसूच आलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "सांगनाऱ्यानं कधी मेंढरं राखली नसतील. एकासाठी बाकीची सोडली तर लांडगा बाकीची खातो. असा धनगर कोनी कामाला ठेवनार नाय." वडिलांचं बरोबर होतं. पण मला त्या बिनकामाच्या मेंढपाळाने धरलं ते धरलंच. माझ्यासाठी कोणी इतकं नुकसान करून घेईल असं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला.

वडील बरेच महिने माझ्याशी बोलले नाहीत, मग हळूहळू बोलायला लागले. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, गावाहून येऊन रडून, शिव्या घालून गेली. आमच्याकडे आत्याचा शब्द शेवटचा असतो आणि ती तो नेहमी पहिल्यांदाच बोलते. आईने मात्र एवढंच विचारलं, "तिकडं मटन चालतं का?" चालतं म्हटल्यावर तिची निम्मी काळजी मिटली. नंतर एकदा माझ्या घरी मेथी निवडत बसली असताना ती म्हणाली, "तुला तिथं बरं वाटतं ना? मंग ऱ्हाय तिथं." तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो.

आई पावसाळा सरता सरता आजारी पडली आणि थंडी सुरू व्हायच्या आत गेली. मंडळीने उपास धरले, आमचे पाळक दवाखान्यात येऊन तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करून गेले. भाऊ नवस बोलून आला. कशाचा उपयोग झाला नाही. पाळक म्हणाले, देवाची इच्छा. आत्या म्हणाली, नशीब. मला त्या दिवसांत दोघांचंही तोंड बघवत नव्हतं.

थोरला म्हणून अग्नी मी द्यायचा होता. मी आईला खांदा दिला, पण अग्नी दिला नाही, डोक्याचे केस काढले नाहीत. भावाला सांगितलं, मी सगळीकडे येईन, उभा राहीन, फक्त विधीला हात लावणार नाही. तो म्हणाला, "दादा, तू नको करू, मी करतो. फकस्त भांडन नको." माझा भाऊ फार चांगला आहे. त्याच्या चांगुलपणाचा मला कधीकधी वैताग येतो, कारण त्याच्याशी भांडून मोकळंही होता येत नाही.

दहावा कायगावला गोदावरीच्या काठी होता. आमच्या संभाजीनगरची पुष्कळ माणसं त्यासाठी तिथंच जातात. भाताचे पिंड करून मांडायचे आणि सगळ्यांनी मागे सरून कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला तर मेलेलं माणूस समाधानाने गेलं. नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागे राहिली. मग घरच्यांनी एकेकाने पुढे होऊन, हात जोडून, ती कोणती असेल याचा अंदाज करत शब्द द्यायचा. ज्याच्या शब्दावर कावळा येईल त्याचा शब्द खरा.

त्या दिवशी घाटावर गर्दी होती. आमच्या आधी तीन-चार घरांचे पिंड मांडून झाले होते. कावळे सकाळपासून भात खाऊन लिंबाच्या झाडावर सुस्त बसले होते. कोणीही शहाण्या माणसाने वर बघितलं असतं तर त्यांची पोटं भरलेली आहेत हे कळलं असतं. आमच्या शेजारीच एका म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. त्याची सून मोठ्याने सांगत होती की मेल्याने जन्मभर कोणाला सुखाने दोन घास खाऊ दिले नाहीत. त्याच्या पिंडाला कावळ्याने लगेच चोच लावली.

आमच्याकडे काही हलेना. भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "माय, बाची काळजी करू नको, मी हाय." कावळा आला नाही. भावाची बायको म्हणाली, पोरीला शिकवते. आत्या म्हणाली, "तुझी गावाकडची शेरडी मी संभाळीन गं." शेरडीचं ऐकूनही कोणी खाली उतरलं नाही. गुरुजी मोबाईलवर वेळ बघायला लागले, कारण पुढचं घर येऊन थांबलं होतं. ऊन चढलं. मग आत्या वळली.

"कुठं अडलंय ते समद्यांना ठावं हाय," ती म्हणाली. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो, तिथवर माणसं आपोआप बाजूला झाली. "ये इकडं. पिंडापुढं हात जोड आन् म्हन, माय, मी परत आलो. तेवढंच म्हन. बाकीचं मंग बघू."

"आत्या, ते मला म्हनता येनार नाय."

"दुकानात बायांच्या गळ्यात लुगडी मारताना येतं ना म्हनता, रंग जानार नाय म्हनून?"

लोक हसले. माझ्या आईच्या दहाव्याला माणसं हसली, आणि त्यात भावाच्या कंपनीतले दोघेही होते. आत्याचं खरंच होतं. मी रोज खोटं बोलतो आणि सहज बोलतो. इथे एक वाक्य बोललो असतो तर सगळे गाडीत बसून घरी गेले असते. का बोलता आलं नाही हे तेव्हा मला सांगता आलं नसतं आणि आताही नीट सांगता येत नाही. मी फक्त म्हणालो की आई मला स्वतः 'ऱ्हाय तिथं' असं म्हणाली होती.

"मेलेल्या मानसाच्या तोंडात शब्द घालू नको," आत्या ओरडली. ती सकाळपासून दुसरं काही करत नव्हती.

मग वडील उठले. ते इतका वेळ एका दगडावर बसून होते. माझ्यासमोर येऊन त्यांनी डोक्याचा पटका उतरवला आणि वाकून माझ्या पायांवर ठेवला. आमच्याकडे पटका कोणाच्या पायावर ठेवणं म्हणजे याच्यापुढे माझ्याकडे आता काही उरलं नाही असं सांगणं. माझ्या वडिलांनी तो कधी कोणासमोर उतरवलेला नव्हता, मेंढरं जप्त करायला आलेल्या फॉरेस्टच्या माणसांसमोरही नाही. ते म्हणाले, "ती उपाशी हाय रे."

मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. प्रभू, एक कावळा पाठव. माझ्यासाठी नाही, ह्या म्हाताऱ्यासाठी. झाडावर तुझेच एवढे बसलेत, त्यातला एक खाली पाठव, म्हणजे मला तुला नाकारावं लागणार नाही आणि ह्यांनाही रडावं लागणार नाही. इतकं जीव तोडून मी आईच्या आजारपणातही काही मागितलं नव्हतं. आणि खरंच एक कावळा उतरला. टुणटुण उड्या मारत पिंडाच्या अगदी जवळ आला, मान वाकडी करून त्याने भाताकडे पाहिलं. सगळे पुढे वाकले, मीही. मग तो उडाला आणि त्या सुनेला छळणाऱ्या म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर जाऊन बसला.

मी खाली वाकलो, पटका उचलला आणि वडिलांच्या हातात दिला. म्हणालो, "नाय, बा." त्यांनी तो परत बांधला नाही. तसाच हातात धरून ते टेम्पोत जाऊन बसले.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. विधी म्हणून त्यात काही खोट नव्हती. पण आत्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, "गवताच्या कावळ्यानं पोट भरतं व्हय?" वडिलांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. अजून ते जेवताना मध्येच हात थांबवतात आणि भावाची बायको विचारते, काय झालं. काय झालं ते मला माहीत आहे. ती कुठेतरी भुकेली फिरते आहे आणि आपण जेवतो आहोत असं त्यांना वाटतं. त्यांच्या ताटातली भाकरी मी कडू केली. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि त्या वाईट वाटण्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही.

मंडळीत माझी बातमी माझ्या आधी पोचली होती. मी नदीवर ठाम उभा राहिलो, बापाच्या पटक्यालाही बधलो नाही, हे कोणीतरी पाळकांना सांगितलं होतं. त्यांनी उपदेशातच माझ्याकडे बोट दाखवलं आणि आज या बांधवांची साक्ष ऐकू या असं म्हणाले. सगळे मागे वळून माझ्याकडे प्रेमाने बघू लागले. ढोलकीवाल्याने हात ढोलकीवर आणून ठेवला.

मी उभा राहून घडलं तसं सांगितलं. पटक्यापर्यंत लोक आमेन आमेन म्हणत होते. मग मी म्हणालो, "मी प्रभूकडे एक कावळा मागितला. त्याने दिला नाही." एक आमेन अर्ध्यात तुटला. ढोलकीवाल्याने हात काढून घेतला. पाळकांनी दुसरं गाणं घ्यायला सांगितलं.

नंतर त्यांनी मला बाजूला बसवलं. ते वाईट नाहीत, शिकलेले आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. "ब्रदर, पिंडाला कावळा शिवावा म्हणून तुम्ही प्रभूच्या नावाने प्रार्थना केली. म्हणजे त्या गोष्टीत तथ्य आहे असं तुम्ही मानलं."

"मी नाही मानत. माझे वडील मानतात."

"मग वडिलांचं मन वळावं म्हणून प्रार्थना करायची. कावळ्यासाठी कशी केली?"

ते म्हणाले, पुढच्या रविवारी उभं राहून ती प्रार्थना पाप होती असं कबूल करा, तोवर प्रभुभोजन घेऊ नका. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "तुमचं कसं हाय, जिथं बोलायचं तिथं गप बसता आन् जिथं गप बसायचं तिथं बोलता."

मी कबूल केलं नाही. पुढच्याही रविवारी नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. मी आयुष्यात ज्या काही प्रार्थना केल्या त्यात निम्म्या पाठ केलेल्या होत्या आणि बऱ्याचशा मतलबाच्या. तेवढी एक माझ्या पोटातून आली होती. तिलाच पाप म्हणायचं तर मग बाकीच्यांना काय म्हणू? पाळकांनी आणखी दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

आता मी दाराजवळ बसतो. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट रांगेतून माझ्यापर्यंत येतं आणि शेजारच्या बाई ते माझ्या गुडघ्यांवरून पलीकडच्या माणसाला देतात. त्या जपून देतात, ताट मला लागू नये म्हणून. एकदा म्हणाल्या, "लई वाईट वाटतं हो भाऊ," आणि तोंडातला तुकडा चावत राहिल्या. मला पहिल्यांदा एवढी चीड आली की मी खाली जाऊन गिरणीत उभा राहिलो. मग परत वर आलो, कारण चपला वर होत्या. आता खाली जात नाही.

मला तिथे नेणारा जोडीदार केव्हाच दुसऱ्या मोठ्या मंडळीत गेला. तिथे खुर्च्या आहेत आणि एसी आहे. त्याने मलाही बोलावलं, तिथे कोणी काही विचारत नाही म्हणाला. आत्याने तर दार सताड उघडं ठेवलं होतं. दर सणाला तिचा निरोप यायचा, अजूनही ये, आपण परत घाटावर जाऊ, तुझ्या मायला मोकळं करू. दोन्हीकडे गेलो असतो तर मानाने बसवलं असतं.

मी गेलो नाही. ह्याला लोक विश्वास म्हणतील म्हणून सांगतो, त्यात गोड काही नाही. सकाळी गुडघे टेकतो तेव्हा तिकडून काहीही येत नाही. भिंत असते, कॅलेंडर असतं, शेजारच्या कुकरची शिट्टी असते. बाप्तिस्म्यानंतरच्या दिवसांत छातीत काहीतरी भरून यायचं, ते गेलं ते गेलंच. बहुतेक दिवस मी भांडतोच. एक कावळा मागितला होता, घर नाही, गाडी नाही. चावी शोधून देतोस लोकांची, आणि माझ्या बापाला एक पाखरू दिलं नाहीस. हे सगळं मी त्यालाच सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यात काही अर्थ वाटत नाही. तो नाही असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. पाळक ह्याला हट्ट म्हणतात. आत्याही हट्टच म्हणते. एवढ्या एका बाबतीत त्या दोघांचं जमतं.

या उन्हाळ्यात वडिलांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदय थकलंय सांगितलं. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. भाऊ कामावर होता, त्याची बायको स्वयंपाकघरात होती. वडील खाटेवर उशीला टेकून बसले होते. नदीवरून आल्यापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे, त्यामुळे निरोप आला तेव्हा मी दुकानात रजा टाकून मोठ्या आशेने गेलो होतो.

"बस," ते म्हणाले. "त्या दिशी मायसाठी तू एक शब्द खोटा बोलला नाय. लई राग आला मला. अजून हाय. पन एक कळलं, तू एकदा म्हनला का मोडत नाय."

मी म्हणालो, "बा, त्या दिवशी कावळ्यांची पोटं भरलेली व्हती. आपल्या आधी किती जनांचा भात खाल्ला त्यांनी."

"मला काय सांगतो? जलमभर रानात काढला मी. पाखराचं पोट भरलेलं मला कळत नाय व्हय?" ते थोडा वेळ श्वास घेत थांबले. "तरीबी. दुसऱ्याच्या पिंडाला शिवलाच ना."

त्यांनी मला जवळ सरकायची खूण केली.

"मला एक शब्द दे. मी मेलो का तू यायचं नाय. मातीला नाय, दहाव्याला नाय. नदीकडं तर फिरकायचंच नाय. तू असला का कावळा शिवत नाय. तुझी माय तशीच ऱ्हायली, मला तिच्यामागं जायचंय. मला मोकळं पायजे."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी मनात विचारलं, प्रभू, काय म्हणू? तिकडून नेहमीसारखं काही आलं नाही. वडील माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नदीवर पटका उतरवताना होती तशीच विनवणी होती. पटका पायावर ठेवून त्यांनी मागितलं ते मला देता येण्यासारखं नव्हतं. हे देता येण्यासारखं होतं. यात एकही अक्षर खोटं बोलावं लागणार नव्हतं.

"देतो, बा. नाय येनार."

"त्या तुझ्या देवाची आन घेऊन म्हन."

"आमच्यात आन घेत नाय. नुसतं म्हनलं तरी तेवढंच असतं."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. नदीनंतर पहिल्यांदाच. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखे ते उशीवर मागे रेलले. मी त्यांचा मुलगा होतो तेवढा वेळ त्यांनी हात धरून ठेवला, मग सोडला आणि स्वयंपाकघराकडे बघून भावाच्या बायकोला हाक मारली.

"पाव्हन्याला च्या टाक गं," ते म्हणाले. "लांबून आलेत."

गारखेड्याहून पुंडलिकनगरला मी चालत आलो होतो.